अकोल्याचा बुधवार

नोकरी सोडली तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच कारण सांगत होते. वेळ.

अमरावतीतल्या एका मोठ्या दवाखान्यात मी अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. सकाळी नऊला मशीनवर अंगठा, संध्याकाळी सहाला पुन्हा अंगठा, आणि मध्ये पोरीच्या शाळेतून फोन आला तर साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहायचं. नवरा चांदूर रेल्वेच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. तो सकाळच्या गाडीनं जातो, दुपार टळल्यावर येतो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आपलं स्वतःचं काम असलं की आपला वेळ आपल्या हातात, असं मला मनापासून वाटायचं. लकवा झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, गुडघा बदललेले कितीतरी लोक दवाखान्यात येऊ शकत नाहीत. त्यांच्या घरी जायचं, तासभर व्यायाम करून घ्यायचा, आपल्या सोयीनं वेळा ठरवायच्या. नवरा म्हणाला, "बघ बुवा, पण करून बघ." मी केलं.

पहिल्या दोन महिन्यांत तीन पेशंट होते आणि मी मुलीला शाळेत सोडायला जात होते. तेवढेच दोन महिने.

मग पेशंट वाढले. एकाच्या घरून दुसऱ्याला कळायचं, दुसऱ्याच्या शेजाऱ्याला कळायचं. सकाळी साडेसहाला पहिलं घर, एक वाजता सकाळचं शेवटचं. दुपारी घरी येऊन भाकरी गिळायची आणि चारला पुन्हा स्कूटी काढायची. साईनगर, तिथून राजापेठ, तिथून कॅम्प, आणि एखादं घर थेट बडनेरा रोडच्या टोकाला. मे महिन्यात डोक्याला ओढणी गुंडाळून, ओली करून, सिग्नलला उभी राहायचे तेव्हा घड्याळाकडे बघत असायचे. एका घरात दहा मिनिटं जास्त लागली की ती दहा मिनिटं पुढच्या प्रत्येक घरात माझ्याबरोबर यायची. शेवटच्या घरात ती चाळीस झालेली असायची. तिथले आजोबा दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

भीती खाड्याची होती. एक दिवस गेले नाही तर काय होईल? खरं तर काही होत नाही. पण माझ्या मनात होत असे. घरचे लोक म्हणतील, ही बाई भरवशाची नाही. मग ते दुसऱ्या कुणाला बोलावतील, आणि त्यांच्यामुळे आलेले दोघंही जातील. नोकरीत असताना मी आजारी पडायचे. स्वतःचं काम सुरू केल्यापासून आजारी पडायचंसुद्धा बंद केलं होतं. तापात गोळी घेऊन, मास्क लावून गेले आहे. रविवार सुट्टीचा ठेवला होता, पण आठवड्यात कुणाची वेळ चुकली की ती रविवारी भरून द्यायची. असं करता करता रविवारसुद्धा अर्धा संपला.

मुलीनं मला एकदा सांगितलं होतं. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मी कणीक मळता मळता दुसऱ्या दिवशीच्या वेळा जुळवत होते. ती मध्येच थांबली. म्हणाली, "आई, तू ऐकत नाहीस. तू फक्त हं करतेस." मी म्हटलं, "ऐकतेय ना." ती म्हणाली, "मग मी काय बोलले?" मला सांगता आलं नाही. त्यानंतर ती काही सांगायचं असलं की आधी विचारायला लागली, "आत्ता बोलू का?" आम्ही दोघं नवरा-बायको त्यावर हसायचो. पोरगी किती शहाणी झाली म्हणायचो.

माझे आईबाबा अकोल्याला. डाबकी रोडच्या पलीकडे दोन एकर वावर आहे, त्यात बाबांनी आयुष्यभर फुलं केली. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं मोगरा. पहाटे तोडणी, मग दोघांनी बसून हार गुंफायचे, आणि उजाडता उजाडता बाबा सायकलवरून, पुढे मोपेडवरून बाजारात. बाबांना सुट्टी हा शब्दच माहीत नव्हता. फूल थांबत नाही, ते आज तोडलं नाही तर उद्या ते फूल नसतं. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते सकाळी बाजारात जाऊन आले होते आणि हळदीच्या पाटावर बसलेल्या मला म्हणाले होते, "गिऱ्हाईक वाट पायत होते न बाई." मी त्यांची एकुलती एक. त्यांच्याकडून मी नाक घेतलं आणि ही खाड्याची भीती घेतली.

मागच्या वर्षी श्रावणात आईचा फोन आला. मी वरूडच्या आजींच्या घरातून निघत होते. या आजी मूळच्या वरूडच्या, संत्र्याची बाग असलेल्या घरातल्या. लकव्यानं उजवी बाजू गेली म्हणून मुलानं त्यांना अमरावतीला आणून ठेवलं होतं. मी जिन्यात उभी राहून फोन घेतला.

आई म्हणाली, "तुह्या बाबाचा खांदा भरून राह्यला वाटते. हार गुंफतानी हातातले फुलं पडून राह्यले."

"कधीपासून?"

"झाले असतीन पंधरा-वीस दिवस."

"खांदा जाम झाला असेल. या वयात होतो. मी व्यायाम पाठवते, तसे करायला सांग."

मी पायऱ्या उतरत उतरत बोलत होते. स्कूटी सुरू करण्याआधी एक जुना व्हिडिओ आईच्या फोनवर पाठवून दिला, माझाच, दुसऱ्या पेशंटसाठी केलेला. मग पाचव्या-सहाव्या दिवशी एका लिंबाच्या झाडाखाली गाडी लावून व्हिडिओ कॉल केला. बाबांनी हात वर करून दाखवला. हात वर गेला. मी म्हटलं, "छान. करत राहा." खांदा जाम असलेल्या माणसाचा हात इतका वर जात नाही, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण त्या सहा मिनिटांत मी बाबांच्या हाताकडे पाहत होते की वेळेकडे, हे आज मला खात्रीनं सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात आईनं पुन्हा सांगितलं. "त्याईच्या पायातून चप्पल निसटते. काल वावरात एक चप्पल मांगं राहून गेली, अन याईले पत्ताच नाई. तसेच एका पायानं घरी आले."

मला पुढच्या घरी जायला दहा मिनिटं उशीर झालेला होता. मी म्हणाले, "जुनी झाली असेल. मागं पट्टा असलेली घेऊन द्या."

हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल! कुठल्याही पेशंटच्या घरच्यांनी मला असं सांगितलं असतं की हातातल्या वस्तू पडतात आणि पायातली चप्पल नकळत निसटते, तर मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे पाहिलं असतं. पुस्तकात दिलेलं लक्षण आहे ते. दवाखान्यात नव्या मुलींना मी स्वतः शिकवलेलं आहे.

मी येते म्हणत होते. दर रविवारी. शंभर किलोमीटर अंतर, त्यात अवघड काहीच नाही. पण एका रविवारी कुणाची तरी वेळ भरून द्यायची होती, दुसऱ्या रविवारी पाऊस, तिसऱ्या रविवारी मी दुपारी दोन वाजता पलंगावर टेकले आणि सरळ पाच वाजता उठले. आई म्हणायची, "ये तुले जमन तवा." ती रागावत नव्हती, आणि मला ते सोयीचं वाटत होतं.

दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी बाबा बांधावरून पडले.

मी तेव्हा कॅम्पमध्ये एका निवृत्त गृहस्थांना चालवत होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते त्या दिवशी पहिल्यांदा वॉकरविना चार पावलं टाकणार होते. फोन पर्समध्ये मुका होता. त्यांनी चार पावलं टाकली, घरचे सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. बाहेर येऊन फोन पाहिला तर आईचे सहा मिस्ड कॉल. माझी आई कधी लागोपाठ दोनदा फोन करत नाही. फाटकाला धरून मी फोन लावला.

"पडले," आई म्हणाली. "लागलं नाई फार. गुडघा खरचटला. शेजाऱ्यानं उचलून आणलं, आता बसले हायेत खाटीवर. पण पाय उचलत नाई म्हणतात बरोबर. तुह्यं काम करून ये, घाबरू नोको."

ही पुढची गोष्ट मी नवऱ्याला फार उशिरा सांगितली. आईनं काम करून ये म्हटलं, आणि मी खरोखर आणखी एक पेशंट केला. पुढचं घर रस्त्यातच होतं. त्यांना आदल्या दिवशी मी उशीर केला होता. मी स्वतःला म्हटलं, चाळीस मिनिटांनी काय फरक पडतो. त्या बाईंचा गुडघा वाकवता वाकवता मी मध्येच थांबून पर्सकडे बघत होते आणि त्या मला विचारत होत्या, "मॅडम, आज तब्येत बरी नाही का?" मी बरी आहे म्हटलं. चाळीस मिनिटं पूर्ण केली. एक मिनिट कमी नाही.

मग बसस्टँड. नवऱ्याला फोन करून मुलीचं सांगितलं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मी दुपारच्या पेशंटांना एकेक करून फोन लावत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत तेच चाललं होतं. "फक्त आजचा दिवस," मी प्रत्येकाला सांगत होते. एकही जण रागावला नाही, तरी प्रत्येक फोनआधी काय बोलायचं ते मी मनात दोनदा घोकत होते. अकोल्यात उतरले तेव्हा लक्षात आलं की शंभर किलोमीटरमध्ये मी बाबांचा विचार फार तर दहा मिनिटं केला होता.

बाबा खाटेवर बसलेले होते. मला पाहून हसले. "आली का? आज कामाले नाई गेली?"

मी पर्स बाजूला ठेवली. खाली बसले. त्यांना म्हटलं, मुठी भराभर उघडा आणि मिटा. दोन-तीनदा झाल्यावर बोटं अडखळायला लागली. सदऱ्याची गुंडी लावायला सांगितली. ते लावायला गेले, गुंडी भोकापर्यंत जायची आणि चुकायची. आई मध्येच म्हणाली, "गुंड्या मीच लावून देतो दोन महिन्यापासून." मग मी त्यांना आडवं केलं आणि किल्लीच्या टोकानं तळव्यावर कडेकडेनं रेघ ओढली. निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. बाबांचा अंगठा सावकाश वर गेला. मी दुसऱ्या पायावर ओढली. तोही वर गेला.

मानेच्या मणक्यात नस नव्हे, आतला मुख्य दोर, मज्जारज्जूच, दाबला जात होता. कितीतरी महिने. मला हे कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "तोंड काऊन उतरलं तुह्यं?"

"बाबा, चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं का?"

"हो. बरोबर सांगतलं. गादीवर चालल्यावानी." त्यांना लेकीच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. त्यात तेच निघालं. मानेचं ऑपरेशन लवकर करायला हवं, नाहीतर पाय आणखी जातील, असं सर्जननं समजावून सांगितलं. मी त्यांना विचारलं, बोटं परत येतील का. ते चांगले, शांत गृहस्थ होते. म्हणाले, "आहे ते टिकवणं हा पहिला उद्देश. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. थोडं आधी आणलं असतं तर जास्त खात्रीनं बोललो असतो." मग सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

ऑपरेशन नीट झालं. त्या दिवसांत मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, एका हातात बाबांचे कागद आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन फिरत होते. "फक्त आजचा दिवस"चे तीन दिवस झाले, मग आठ. चौथ्या दिवसापासून फोनचा सूर बदलला. एका घरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं समजू शकतो आम्ही. पण बाबांचं आत्ता कुठं पाऊल पडायला लागलं होतं. तुम्हीच असं मध्ये सोडलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?" तो वाईट बोलत नव्हता. त्याला त्याच्या बाबांची काळजी होती. मी पॅसेजमधल्या बाकावर बसून त्याची माफी मागितली. दोन दिवसांनी त्यांनी दुसरा माणूस पाहिल्याचा निरोप आला. आणखी दोन घरांनी निरोपसुद्धा दिला नाही, नुसते फोन यायचे थांबले.

वरूडच्या आजींना फोन करायला मी घाबरत होते, कारण त्यांचा हात नुकता कुठे हलायला लागला होता. शेवटी त्यांच्याच सुनेचा फोन आला आणि तिनं तो आजींच्या कानाला लावला.

"कशे हायेत वो माय तुह्ये बाबा?"

"बरे आहेत आजी. आणखी काही दिवस मला येता येणार नाही. तुमचा हात..."

"माह्या हाताले काय होते? सून करून घेते न रोज. अन खरं सांगू का, तुह्याहून कडक आहे थे. तू धा मोजते, थे पंधरा मोजते." मागून सून हसल्याचा आवाज आला. "तू बाबाजवळ राय. इकडची फिकर नोको करू."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी एकच गोष्ट टोचत राहिली. सून रोज तो व्यायाम करून घेत होती. तिला कुणी शिकवलं? मी शिकवलं नव्हतं. मी करत असताना ती चहाचा कप हातात धरून दारात उभी असायची, तेवढ्यात तिनं पाहून घेतलं होतं. पाच-सहा वर्षांत मी कुठल्याच घरच्या माणसांना नीट बसवून शिकवलं नव्हतं. वेळ नाही, असं मी म्हणायचे. पण त्या बाकावर बसून मला जरा खोलात जाऊन कबूल करावं लागलं. त्यांनी स्वतः केलं तर माझी गरज राहील का, ही भीती होती. रोज यायलाच हवं असं मी ज्या घरांना सांगत होते, त्यातल्या काहींना खरंच रोजची गरज होती. सगळ्यांना नव्हती.

बाबांना घरी आणल्यावर त्यांच्यासाठी अकोल्यातलीच एक फिजिओथेरपिस्ट ठरवली. तरुण मुलगी, कामात चांगली, वेळ सकाळी दहाची. दहा वाजून पाच मिनिटं झाली की मी खिडकीशी जायचे. दहा मिनिटं झाली की फाटकाशी. एका दिवशी ती आलीच नाही. तिच्या लहान बाळाला उलट्या होत होत्या, तिनं तसं कळवलं होतं. मी तिला मेसेज लिहिला, ऑपरेशननंतरचे हे दिवस किती महत्त्वाचे असतात ते तुम्हाला माहीत असायला हवं, वगैरे वगैरे. बोट पाठवायच्या बटणावर होतं. मग मी तो एकेक अक्षर करत पुसला आणि लिहिलं, "बाळाला जपा. आज मी करून घेते."

त्या सकाळी मी पहिल्यांदा पूर्ण एक तास बाबांबरोबर होते, मध्ये फोन न बघता. पाय उचलायचा, धरायचा, सोडायचा. बाबा दम खात म्हणाले, "तुले एक सांगू काय बाई?"

"सांगा ना."

"चपलीचं मले लय आधीपासून माईत होतं. उन्हाळ्यापासून. तुले सांगाव वाटे."

"मग सांगितलं का नाही?"

ते छताकडे पाहत होते. "तू फोन उचलला का पयलेच म्हणते, लवकर बोला. मंग मी म्हनो, जाऊ दे, कामात असन पोरगी. तुह्या आईले म्हटलं, तूच सांगजो."

आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता. मी त्यांचा पाय हळूच खाली टेकवला. बाबांनाच वाईट वाटलं, ते घाईनं म्हणाले, "तुह्यी चूक नाई म्हनत मी. धंदा म्हटला का असंच राह्यते. म्या काय वेगळं केलं? तू शाळेतून बक्षीस आणलं तरी मी बाजारातच राहो." आणि मग, "चाल, मोज. किती झाले?" मी मोजायला सुरुवात केली, पण आकडे चुकत होते.

अमरावतीला परतल्यावर मी घरं एकेक करून पुन्हा लावली, या वेळी वेगळ्या पद्धतीनं. पहिल्याच दिवशी सांगायचं की घरातलं एक माणूस माझ्याबरोबर बसेल आणि शिकेल. आठवड्यातून तीन दिवस मी, बाकीचे दिवस ते. आणि बुधवारी मी अकोल्याला आईबाबांकडे जाते, अमरावतीत नसते. हे शेवटचं वाक्य सोपं नव्हतं. मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, आणि तरी पहिल्या घरात ते बोलताना मी "शक्यतो" हा शब्द घुसवला. शक्यतो बुधवारी नसते. त्या लोकांनी लगेच तो शब्द पकडला आणि पहिल्याच आठवड्यात बुधवारी बोलावलं. नंतर मी तो शब्द टाकून दिला. काही घरं सोडून गेली. ज्यांच्याकडे सुना, नातवंडं, नवरे शिकले, त्यांचं बरं चाललं. कॅम्पातले निवृत्त गृहस्थ बायकोच्या देखरेखीखाली माझ्यापेक्षा जास्त चालतात. हे सांगताना मला आनंद होतो असं मी म्हणेन, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे.

रविवार घराचा. पहिल्या रिकाम्या रविवारी मला काय करावं ते सुचेना. मी सकाळपासून कपाटं आवरत होते. मुलगी येऊन माझ्याजवळ बसली, उशीच्या अभ्र्याची घडी घालायला लागली, मग तिनं तिच्या एका मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगितलं, फार लांबलचक, तीन वेळा मागे जाऊन. मी हातातली चादर अर्धी घडी केलेली तशीच धरून ऐकलं. मन दोनदा सोमवारच्या वेळांकडे गेलं. दोनदा मी त्याला परत आणलं. हे असंच चालतं, अजूनही. लोकांना वाटतं की एक दिवस ठरवला आणि सगळं बदललं. खाड्याची भीती तिथेच आहे, फक्त मी तिच्यासकट बसायला शिकले आहे.

बाबा आता काठी घेऊन घरातल्या घरात, अंगणात, वावराच्या कडेपर्यंत चालतात. बोटं पूर्ण आली नाहीत. वावर एका जोडप्याला कसायला दिलं आहे. बाबा खुर्चीवर बसून त्यांना सूचना देतात आणि ते दोघं निम्म्या ऐकतात.

मागच्या बुधवारी मी गेले तेव्हा बाबांना विचारलं, व्यायाम रोज करता ना. ते म्हणाले, रोज. आई आतून ओरडली, "खोटं बोलून राह्यले, सोमवारी केला होता." मी त्यांना रागावले. पेशंट सगळीकडे सारखंच खोटं बोलतात, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं. ते ओशाळून हसले आणि निमूट आडवे झाले. उजव्या पायाचं चालू असताना फोन वाजला. अनोळखी नंबर होता. मी घेतला. फोन करणाऱ्याच्या आईला नुकताच लकवा झाला होता, कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं, आणि आजच संध्याकाळपासून सुरू करायचं होतं.

"आज मी अमरावतीत नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी साडेसातला येते. पण बुधवार कायमच बंद असतो माझा."

पलीकडे कुणाशी तरी कुजबूज झाली. मग, "बरं, पाहतो आम्ही. कळवतो."

मी फोन उताणा ठेवला, मग उलटा केला.

"कोण होतं?" बाबांनी विचारलं.

"नवीन पेशंट. उद्या येते म्हटलं."

"मंग?"

"पाहतो म्हणाले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, जा बाई, आज संध्याकाळी पोचशील, असंच बहुतेक. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी दुसरा पाय थोडा पुढे सरकवला. तो जड आहे, त्याला वेळ लागतो. मी टाच तळहातात घेतली आणि थांबले.

त्या लोकांचा फोन आला नाही. शुक्रवारपर्यंत मी वाट पाहत होते.